क्रशर थांबायच्या आत

रुआबांधा क्याम्प, भिलाई
२६ सप्टेंबर १९६१

दादा,

नमस्कार आधी, राग नंतर. तू स्वतःच्या हातांनी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर जळला.

ऑगस्टात नागपूरहून इथवर तू तो मांडीवर घेऊन आलास. वर सामानाच्या फळीवरही ठेवू दिला नाहीस. भर दुपारी मंडळाच्या टिनाच्या शेडमध्ये जोडून दिलास आणि रेकॉर्ड लावलीस. शेजारी ठेकेदाराचा गिट्टीचा क्रशर धडधडत होता, त्याला काही रविवार नसतो. तरीसुद्धा तबल्याची थाप न थाप वेगळी ऐकू आली. आपले मंडळाचे अध्यक्ष भाऊराव, ज्यांना स्वतःच्या घरातलं काही चांगलं दिसत नाही, त्यांनीही तासभर माईकवर भजन म्हटलं आणि म्हणाले, "हा आवाज मायाच आहे का कोनाचा?" मी तुझ्याकडे पाहिलं तर तू अंगठ्याएवढ्या स्क्रूला फडक्याने पुसत होतास.

परवा महिनाभरासाठी भुलाबाई बसल्या. दोन वर्षं मंडळाशी भांडून या वर्षी आम्हा बायकांना माईक मिळाला. तो कशासाठी हवा होता हे तुला ठाऊक आहे. गोंदिया, भंडारा, साकोलीकडच्या बाया इथे आल्या, घरधनी शिफ्टला, कडेवर लेकरू, दाराला कडी लावून शेडपर्यंत येता येत नाही. गावची भुलाबाई गावातच राहिली त्यांची. खांबावरच्या भोंग्यातून गाणं गेलं तर प्रत्येक दारात भुलाबाई पोचते. एवढंच.

पहिल्या संध्याकाळी मी माईक धरला. दुसऱ्या गाण्याला व्हॉल्व्हच्या काचेतली पत्री लाल झाली, फट्‌ आवाज झाला आणि जळका वास सुटला. बायका मातीच्या भुलाबाईपुढे तोंडं पाडून बसल्या. तू तर म्हणाला होतास, दहा वर्षं हात लावायला नको. काय झालं ते कळव.

तुझी,
कांता

०

नागपूर
३० सप्टेंबर १९६१

कांते,

माझं यंत्र असं जळत नाही.

हे मी गर्वाने लिहीत नाही, किंवा गर्वाने लिहितो असं धर. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी बाजारातून आणलेला नाही. तारेचा प्रत्येक थर मी गुंडाळला आणि प्रत्येक थरामध्ये कागद घातला. तुझी नलूवहिनी रीळ धरून बसली होती, तिला विचार तिच्या खांद्याचं काय झालं ते. सिनेमाच्या थेटरात असतो तो अ‍ॅम्प्लिफायर नुसता ओरडतो. हा बोलतो. रेल्वेच्या तारखात्यात मी इतकी वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करतो, तर स्वतःचं यंत्र कच्चं सोडीन का?

तेव्हा आधी तुमच्याकडे काय झालं ते बघ. कुणी वर कापड झाकलं होतं का? व्हॉल्व्हला वारा लागतो. आणि मला नक्की माहीत आहे की तुम्ही बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं असणार. ते भोकांतून आत गेलं का? तुमच्या लाइनीच्या इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेजही मोजून घे. दोनशे तीसच्या आसपास असलं की झालं.

शेजारचा फकिरा दुर्ग पॅसेंजरचा गार्ड आहे, त्याच्या हाती व्हॉल्व्हची नवी जोडी आणि जळलेल्या बारीकसारीक भागांच्या बदली नवे पाठवतो. कसे बसवायचे ते चिठ्ठीवर काढून दिलं आहे. जावईबापूंना नमस्कार.

शेषराव

०

रुआबांधा
७ ऑक्टोबर

दादा,

हळदकुंकू वाहिलं. लाकडी खोक्याला वाहिलं, भोकांत नाही. भुलाबाईच्या महिन्यात घरात आलेल्या नव्या वस्तूला बोटही लावायचं नाही, असा कायदा नागपुरात असेल, इथे नाही.

ओमप्रकाश इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मीटर घेऊन आला. दोनशे अठ्ठावीस. म्हणाला, "बहनजी, वोल्टेज एकदम बराबर है। मशीन में ही कुछ गड़बड़ है।" मग त्यानेच तुझ्या चिठ्ठीप्रमाणे नवे व्हॉल्व्ह बसवले, रेकॉर्ड लावून पाहिली, छान वाजली. भाऊरावांनीही पुन्हा दोन अभंग म्हणून घेतले.

संध्याकाळी आम्ही बसलो. अर्धं गाणंही झालं नाही आणि पुन्हा तेच.

आता खरं ऐक. दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा झाली. भाऊराव उभे राहिले आणि म्हणाले, "मी तासभर म्हनलं, काई झालं नाई. काल दुपारी म्हनलं, काई झालं नाई. बाईनं तोंड उघडलं का जळते. बायाच्या चिरक्या आवाजानं काचा तडकते, हे तर नाजूक सामान आहे." सगळे माना हलवत होते. मी विचारलं, "कोनत्या पुस्तकात लिवलं आहे हे?" तर म्हणाले, "पुस्तक कायले पायजे? दोन डाव जळलं, दोनी डाव तूच होती."

ठराव झाला. यंत्र दुरुस्त झालं तर माईक पुरुषांचा. बायांनी भुलाबाई घरात बसवावी, खुशाल गावी, पण भोंग्यावर नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

तुझे जावईबापू तिथेच बसले होते. घरी येऊन म्हणाले, "जाऊ दे ना कांता, मंडळासंगं कावून भांडतं?" त्या दिवशी त्यांच्या भाजीत मीठ नव्हतं.

दादा, माझ्या आवाजाने व्हॉल्व्ह जळतो का? तू यातला जाणकार आहेस. सरळ सांग.

कांता

०

नागपूर
१० ऑक्टोबर

कांते,

सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहितो.

भाऊराव म्हणतात ते अगदीच खोटं नाही. उंच आवाज, त्यात माईक तोंडाशी धरलेला, म्हणजे यंत्रावर जोर पडतो. व्होल्टेज तर ओमप्रकाशने मोजलं आणि बरोबर भरलं. यंत्रात खोट नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मग उरतं काय? तू पट्टी जरा खाली घे. माईकपासून हातभर लांब उभी राहा. किंवा आधी पुरुषांना म्हणू दे, यंत्र तापून स्थिर होऊ दे, मग तू म्हण.

आणि मंडळाशी फार ताणू नकोस. तिथे तुम्हाला राहायचं आहे. आपल्याला भांडण जिंकायचं नसून यंत्र वाचवायचं आहे.

तिसरी जोडी लगेच मिळणं कठीण आहे. विलायतेहून येते. बघतो.

शेषराव

०

रुआबांधा
१३ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मला मिळायच्या आधी सगळ्या क्याम्पाला मिळालं. तू नेहमीसारखं मंडळाच्या पत्त्यावर टाकलंस आणि मंडळाचं टपाल अध्यक्ष उघडतात हे तू विसरलास. भाऊरावांनी ते शेडमध्ये उभं राहून वाचलं. "भाऊराव म्हणतात ते अगदीच खोटं नाही" हे वाक्य दोनदा वाचलं. माझ्या भावाने सहीनिशी माझं नाक कापून त्यांच्या हातात दिलं. यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर टाक.

मी पट्टी खाली घेणार नाही. आईने दिलेला आवाज आहे, तो नदीच्या या काठावरून त्या काठावर जायचा तेव्हा तूच मला खांद्यावर बसवून गायला लावायचास. तेव्हा काही फुटलं नाही आणि आता तुझं खोकं वाचवायला मी कण्हत गाऊ? भांडण जिंकायचं नाही असं तू लिहितोस. मला जिंकायचं आहे. एकदा "बाईने जळतं" असं ठरलं की ते माझ्यापुरतं राहत नाही. या क्याम्पात जन्मणारी पोर तोंड उघडेल तेव्हा तिला हेच ऐकवतील.

आता मी त्या संध्याकाळी काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. तू यात माझा आवाज कुठे आहे ते शोधून दाखव.

दिवसभर शेजारी क्रशर चालतो. त्याच्या धडधडीत शेडमध्ये बोललेलं कळत नाही, म्हणून आम्ही तो थांबायची वाट बघतो. काम सुटायचा सहाचा भोंगा झाला की क्रशर बंद होतो. एकदम शांत होतं, कान मोकळे होतात. आणि त्याच वेळी शेडमधला दिवा आपोआप फुलतो. दिवसभर पिवळा असतो तो पांढराशुभ्र होतो. पहिल्या दिवसापासून हे असंच आहे. दिवा फुलला की शकुबाई हात जोडते, म्हणते, "आली माय माई भुलाबाई." मग सगळ्या हात जोडतात, आणि दोन्ही वेळा मी तेव्हाच स्विच दाबला. तोच आमचा मुहूर्त. दिवे मात्र इथे टिकत नाहीत, पंधरा दिवसांत उडतात, स्टोअरवाले खराब माल देतात.

दुसऱ्या खेपेला तर मी आरंभ करायच्या आधीच पत्री लाल व्हायला लागली होती. हे मी सभेतही सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तूही ऐकलं नाहीस.

कांता

०

नागपूर
१६ ऑक्टोबर

कांते,

हे पत्र मी ताटावरून उठून लिहितो आहे. नलू अजून हाका मारते आहे.

दिवा आपोआप फुलत नसतो.

हे तू मला आधी का नाही लिहिलंस? नको, हा प्रश्न मी मागे घेतो. मी विचारलंच नव्हतं. मला फक्त माझं यंत्र निर्दोष ठरवायचं होतं, आणि तसं ठरवताना मी दोष तुझ्या गळ्यात बांधला. चुकलो. भाऊरावांना वेगळं पत्र टाकलं आहे, तेही शेडमध्ये वाचायला सांग.

आता समजून घे. तुमच्या क्याम्पाला वीज कुठून येते? जावईबापूंनी मागे सांगितलं होतं, लाइन तात्पुरती आहे, ठेकेदाराच्याच ट्रान्सफॉर्मरवरून काढलेली. क्रशरची मोटर भुकेली असते, ती चालू असली की व्होल्टेज ओढून घेते. ते ओढूनही मोटरला पुरावं म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी ट्रान्सफॉर्मर मुद्दाम वर चढवून ठेवला असणार. म्हणजे क्रशर चालू असताना तुम्हाला बरोबर दोनशे तीस मिळतात. क्रशर थांबला की ओढणारं कोणी नाही, सगळं व्होल्टेज तुमच्या घरांत घुसतं. त्यानेच दिवा पांढरा होतो, त्यानेच पंधरा दिवसांत उडतो, आणि त्यानेच माझे व्हॉल्व्ह जळाले.

मी यंत्र जोडलं ते दुपारी. भाऊराव गायले दुपारी. ओमप्रकाशने मोजलं दुपारी. आणि तुम्ही बायांनी दोन्ही वेळा नेमका त्या क्षणी स्विच दाबला. जे जळणार होतं ते तुमच्याच वेळेला जळणार होतं, गायला कोणीही असो.

फकिराच्या हाती माझा मीटर पाठवतो. काळजीपूर्वक वापर, कसा धरायचा ते त्यालाच शिकवलं आहे, तो दाखवेल. क्रशर चालू असताना एकदा बघ, थांबल्यावर एकदा बघ. व्हॉल्व्हची जोडीही पाठवतो, पण क्रशर चालू असेपर्यंतच लाव. दिवाळीनंतर मी जास्त व्होल्टेजला टिकेल असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतो. तोवर धीर धर.

शेषराव

कांताताई, हे सांगणार नाहीत म्हणून मी लिहिते. विलायतेहून जोडी आलेली नाही. ही त्यांच्या स्वतःच्या यंत्रातली काढून दिली आहे. रोज जेवल्यावर रेकॉर्ड ऐकल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही ते आता उगाच अंगणात फेऱ्या मारतात. तुम्ही धीर धरू नका. नलू.

०

रुआबांधा
१९ ऑक्टोबर

दादा,

आधी आकडे. क्रशर चालू, दोनशे सव्वीस. क्रशर बंद, दोनशे चौऱ्याऐंशी. सगळ्या बाया मीटरभोवती उभ्या होत्या. काटा वर गेला तसा दिवाही फुलला. शकुबाईने एकदा दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हन्जे इतले दिस आपुन ठेकेदाराले हात जोडून राहिलो होतो." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिला वाईट वाटलं होतं.

मग मी जावईबापूंना घेऊन ठेकेदाराच्या मुनीमाकडे गेले. हो, ते आले. अळणी भाजीपेक्षा त्यांनी भांडण पत्करलं. मुनीम म्हणाला, "क्रशर को पूरा करंट चाहिए। तुम्हारे गाने के लिए गिट्टी बंद कर दूँ क्या?" मी म्हटलं, गिट्टी बंद करू नका, संध्याकाळी व्होल्टेज खाली करा. तो म्हणाला, रोज वर-खाली करायला माणूस नाही. विषय संपला.

तुझं पत्र भाऊरावांना मिळालं. वाचलं त्यांनी, नाही असं नाही. वर म्हणाले, "भावानं बहिनीची बाजू घेतली, त्यात का नवल? आधीचं पत्र खरं होतं." मीटर बघायला बोलावलं तर आले नाहीत. त्यांच्या मते काटा वर जातो तोही आम्ही बाया भोवती उभ्या असतो म्हणून जात असेल.

दादा, कोजागरी सोमवारी आहे. तू म्हणतोस दिवाळीपर्यंत धीर धर. पण कोजागरीलाच भुलाबाई उठतात. दिवाळीपर्यंत ठरावाची शाई वाळून पक्की झालेली असेल.

म्हणून मी असं ठरवलं आहे. मंडळाचा ठराव असला तरी कोजागरीला पाच वाजता, क्रशर चालू असताना, मी माईकवर बसणार. इतके दिवस आम्ही त्या धडधडीच्या थांबण्याची वाट बघितली, आता तिच्यावरून गाणार. तुझं यंत्र तेवढं दमदार आहे ना, तूच लिहितोस हे बोलतं म्हणून? तर बोलू दे. सहा वाजेपर्यंत मी माझ्या पूर्ण आवाजात गाईन, पट्टी सोडणार नाही. सगळे बघतील की काही जळत नाही.

सहाला क्रशर थांबेल. मीटर सगळ्यांना दिसेल असा टांगलेला असेल. यंत्र चालूच असेल. तेव्हा मी माईक भाऊरावांच्या हातात देणार. जळायचंच असेल तर या वेळी पुरुषाच्या आवाजावर जळू दे.

पण ती जोडी तुझी आहे. वहिनींनी मला लिहिलं. तू नाही म्हणालास तर मी सहाच्या आत स्विच बंद करीन, वचन देते. मात्र तेवढ्याने भाऊरावांचं तोंड बंद होणार नाही. तूच सांग.

कांता

०

नागपूर
२१ ऑक्टोबर

कांते,

जाळ.

आवाजाची कळ अर्ध्याच्या वर नेलीस तरी चालेल, मी त्याला त्यासाठीच बांधलं आहे. भोंगा क्रशरच्या दिशेला फिरवून ठेव.

शेषराव

०

रुआबांधा
२४ ऑक्टोबर १९६१

दादा, वहिनी,

दोघांनाही मिळून लिहिते.

काल पाचला शेड भरलं. सकाळच्या शिफ्टचे सगळे होते, आणि बाया इतक्या की भुलाबाईवरचा ज्वारीच्या धांड्यांचा मांडव कलला. भाऊराव समोर खुर्चीवर, मांडीवर टोपी. ओमप्रकाशने मीटर खांबाला टांगला. त्याला आपण चुकीच्या वेळी मोजलं हे लागलं होतं, म्हणून तो न बोलवता आला.

क्रशर चालू होता. मी सुरुवात केली तेव्हा माझं मलाच ऐकू येईना. कळ वर नेली. मग आलं, दादा. धडधडीच्या वरून माझा आवाज स्वच्छ आला, शब्द न शब्द. तो माझा आवाज आहे हे मला बाहेरून पहिल्यांदा कळलं. भोंगा तू सांगितलास तसा फिरवला होता. क्रशरवरच्या रेजा, म्हणजे मजूर बाया, खोरी खाली ठेवून इकडे बघायला लागल्या आणि मुनीम बाहेर येऊन त्यांच्यावर ओरडला, पण ओरडणं भोंग्याखाली दबून गेलं. लाइनीतल्या ज्या बाया येऊ शकल्या नाहीत त्या दारात उभ्या राहून मागून म्हणत होत्या. मी एकामागून एक म्हणत गेले. पत्री काळीच्या काळी. काही जळलं नाही.

सहाचा भोंगा झाला. क्रशर थांबला. दिवा फुलला, काटा चढला, आणि या वेळी कोणी हात जोडले नाहीत. सगळे काट्याकडे बघत होते. व्हॉल्व्हच्या कडा तांबूस व्हायला लागल्या.

मी माईक घेऊन भाऊरावांपुढे गेले. म्हटलं, "भाऊरावजी, आता तुमी म्हना."

ते माईककडे बघत राहिले, मग काट्याकडे. म्हणाले, "माया घसा बसला आहे."

मी म्हटलं, "दोन ओळीच म्हना. बाईच्या आवाजानं जळते म्हनता, पुरुषाच्या आवाजानं का होते ते सगळ्याइले पाहू द्या."

भाऊरावांनी दोन्ही हात मागे बांधले. मागून कोणीतरी हसलं, मग सगळं शेड हसलं. यंत्र जळणार हे त्यांना ठाऊक होतं, दादा. कदाचित तुझं पत्र वाचलं तेव्हापासून ठाऊक होतं. मला वाटलं होतं मला आनंद होईल, पण मला फार राग आला. कळत असूनही ते मला जळकी म्हणत होते.

पत्री लाल झाली तेव्हा मी परत वळले आणि स्विच बंद केला. तुझी जोडी शाबूत आहे. फकिराच्या हाती परत पाठवते, वहिनी, मिळाली की त्याच रात्री रेकॉर्ड लावा. उरलेली गाणी आम्ही माईकशिवाय म्हटली आणि खिरापत वाटली.

आज पुन्हा सभा झाली. व्होल्टेजचं सगळ्यांनी मान्य केलं. भाऊरावांनीही केलं, हात वर करून. आणि लगेच नवा मुद्दा काढला की पाचला पुरुष ड्यूटीवरून येतात, त्या वेळी घरच्या बाईने भोंग्यावर गाणं शोभत नाही. आधी आवाज वाईट होता, आता वेळ वाईट आहे. हेही टिकलं नाही तर तिसरं शोधतील. त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे.

या वेळी जावईबापू बोलले. उभे राहून म्हणाले, "पाचले मी ड्यूटीवरून येतो. मले ऐकाचं आहे." एवढंच म्हणून खाली बसले, कान लाल.

दिवाळीनंतर तुझा नवा ट्रान्सफॉर्मर येईल तेव्हा येऊ दे, पण माझ्यासाठी घाई करू नकोस. विलायतेची जोडी आली की आधी ती पाठव. मला संध्याकाळची शांतता लागत नाही आता. क्रशर पुढची दोन वर्षं चालणार आहे म्हणतात, आणि तो चालू आहे तोवर पाच ते सहा मी माईकवर आहे.

कांता